खर्ड्याचे पाहुणे आणि गाडीतला वास

कादर शेख यांनी जुनी गाडी घेतली, पारनेरला आणून घरासमोर उभी केली आणि बायकोला म्हणाले, "बस." हाजराबी पुढच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं आणि लगेच उघडून बाहेर आल्या.

"अवो, हिच्यात कोन बिड्या फुकत हुतं?"

"बिडी न्हाई. सिगारेट हाय," कादर म्हणाले. ते आतापर्यंत त्यांच्याही लक्षात आलं होतं. नगरला गाडी बघितली तेव्हा आरशाला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली लटकत होती. पारनेरला पोहोचेपर्यंत ऊन चढलं, मोगरा उतरला आणि आधीचा मालक वर आला.

एरवी कादर यांनी काचा खाली करून गाडी चालवली असती आणि विषय सोडून दिला असता. पण रविवारी त्यांच्या मुलीला, सुमैराला, बघायला खर्डा गावाहून पाहुणे येणार होते. मुलगा सैफ ज्युनिअर कॉलेजात शिकवत होता. लग्नानंतर सुमैराची फार्मसीची डिग्री पूर्ण होऊ देऊ, असं त्याच्या घरून स्वतःहून कळवलं होतं. दोन ठिकाणांना नाही म्हटलेली सुमैरा या एका ठिकाणाला "बघू" म्हणाली होती. अडचण मुलाच्या वडिलांची होती. हाजी नूरमहंमद यांचं कापडाचं दुकान होतं आणि तंबाखूशी वैर होतं. समोरच्याच्या खिशात नुसती चुन्याची डबी दिसली, तरी ते चहा न घेता उठत. आणि कादर यांनी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, "एसटीनं नगरपर्यंत या. पुढं आपली गाडी हाय."

"मी आयुष्यात बिडीला हात लावला न्हाई," कादर म्हणाले, "आन् आता हाजीसाहेब म्हननार, पोरीचा बाप फुक्या हाय."

"अब्बा, वास छताच्या कापडात आणि एसीच्या फिल्टरमध्ये बसलाय," सुमैरा म्हणाली. "सगळं काढून धुवायला पाहिजे."

"नवी गाडी उचकटू व्हय?"

"नवी कुठंय?"

कादर यांना हे बोलणं आवडलं नाही. त्यांना शेजारच्या आसारामचं आवडलं. आसारामची डाळिंबाची बाग होती आणि त्याच्याकडे कुठल्याही गोष्टीवर उपाय असे.

"शेठ, कांदा कापून ठिवा आत. कांदा समदा वास वढून घेतो."

दुसऱ्या कुणी दोन कांदे चिरून ठेवले असते. पण कादर कांद्याचे अडते. गोणीपेक्षा कमी कांदा त्यांच्या लेखी कांदाच नव्हता. त्यांनी मार्केटातून एक गोणी आणली. सगळं घर अंगणात बसून रडत रडत कांदे चिरू लागलं. समोरच्या साळूबाई काय झालं म्हणून घाबऱ्याघुबऱ्या विचारायला आल्या आणि कारण कळल्यावर विळी घेऊन त्याही रडायला बसल्या. चिरलेला कांदा सीटवर, सीटखाली, डिकीत पसरून काचा बंद केल्या आणि गाडी दिवसभर उन्हात ठेवली.

संध्याकाळी कादर यांनी दार उघडलं. आसाराम चार पावलं मागे सरकला.

"सिगारेटचा वास गेला का?" कादर यांनी विचारलं.

"आधी डोळं उघडू द्या, शेठ."

सिगारेटचा वास गेला नव्हता. त्याला सोबत मिळाली होती. कांद्याचं पाणी सीटच्या कापडात मुरलं होतं आणि आता गाडीला ढाब्याच्या मोरीची कळा आली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. हाजराबी दर गुरुवारी घरात लोबानाचा धूर फिरवत. त्यांना निखाऱ्यावर ऊद टाकताना बघून कादर यांना सुचलं.

"ते हिकडं दे."

"फिरवायचं आन् लगी बाहीर काढायचं," हाजराबींनी बजावलं.

"घराला दारं-खिडक्या असत्यात म्हनून फिरवावं लागतं. गाडीला नुसतं ठिवलं तरी भागतंय."

त्यांनी मागच्या सीटच्या पायाशी वीट ठेवली, विटेवर लोबानदानी ठेवली, ओंजळभर ऊद टाकला, दारं लावली, एक काच बोटभर उघडी ठेवली आणि चहाला घरात गेले.

आसाराम तेव्हा बागेतून परत येत होता. टेम्पोत फवारणीची टाकी होती, टाकीत पाणी होतं आणि समोर शेठच्या गाडीच्या फटीतून पांढऱ्या धुराचा लोट निघत होता. आसारामने कुणाला हाक मारण्यात वेळ घालवला नाही. त्याने पंप चालू केला, मागचं दार उघडलं आणि नळी आत खुपसली. आरडाओरडा ऐकून कादर हातातल्या कपासह बाहेर आले, तेव्हा गाडीच्या चारही दारांतून पाणी ओघळत होतं.

"वाचिवली, शेठ!" आसाराम ओरडला. "टाकी खल्लास केली, पन वाचिवली!"

 कादर यांनी कप गाडीच्या टपावर ठेवला आणि लोबानदानी शोधायला आत वाकले.

आता दुसरा मार्गच उरला नाही. सीट काढल्या, पायपुसणी काढली, छताचं कापड सोलून काढलं. सुमैराने पुढचा कप्पा उघडून आतून एसीचा फिल्टर ओढला. तो इतका काळा होता की हाजराबींनी तो चिमट्याने धरून कचऱ्यात टाकला. सगळं सोड्याने घासलं, धुतलं आणि गच्चीवर वाळत घातलं. गल्लीतल्या लोकांना दोन दिवस शेखांच्या गच्चीवर रांगेत बसल्यासारख्या सीट दिसत होत्या. म्हणजे सुमैराने पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते सगळं झालं. तिने तसं एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि कादर यांना तेच जास्त लागत होतं.

शनिवारी गाडी जोडून झाली. हाजराबींनी सीटमध्ये नाक खुपसलं. "कायबी न्हाई." आसारामला काचा लावून आत बसवलं. तो घामाघूम होऊन बाहेर आला. "शेठ, पान्याचासुदिक वास न्हाई."

रविवारी सकाळी नगरच्या स्टँडवर हाजीसाहेब उतरले. मागोमाग सैफ, इस्त्रीचा शर्ट, गालात वेलदोडा. हाजीसाहेब पुढे बसले, सैफ मागे. कादर यांनी ऐटीत काचा वर केल्या आणि एसी लावला. भाळवणी मागे पडली आणि त्यांच्या नाकात ओळखीचा वास शिरला.

सिगारेट.

त्यांनी एसी वाढवला. वास पसरला. त्यांनी काच खाली केली.

"कादरभाई, लावा की काच. धूळ येतीय," हाजीसाहेब म्हणाले.

काच वर गेली. कादर यांनी मनात उजळणी केली. छत धुतलं, सीट धुतल्या, फिल्टर नवा घातला, मग हे आलं कुठून? शेवटी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"हाजीसाहेब, खरं सांगतो. गाडी जुनी हाय. आधीचा मालक सिगारेट पीत हुता. लई धुतली, पन वास हाय. माझा गैरसमज करून घेऊ नका."

हाजीसाहेबांनी शांतपणे त्यांच्या हातावर हात ठेवला. "मला कसला वास? कोरोनात माझं नाक गेलं, ते आलंच न्हाई. बिर्याणी आन् खिचडी मला सारखीच."

"मग लोकांची तंबाखू तुमाला कळती कशी?"

"डबी दिसती मला. वासाचं काम सैफकडं. कुठं बी गेलो की आधी हा वास घेतो, मंग मी बसतो." ते मागे वळले. "काय रे, गाडीत हाय का वास?"

सैफ दोन सीटांच्या मधून पुढे वाकला. त्याच्याबरोबर वासही पुढे वाकला. वेलदोडा होता, त्याच्याखाली सिगारेट होती, तीही जुनी नव्हे, आज सकाळची. त्याने डोळे मिटून मनापासून हुंगलं.

"नाही अब्बा. एकदम स्वच्छ गाडी आहे."

तो मागे टेकला आणि वासही मागे गेला.

"बघा! उगं मनात आनता," हाजीसाहेब म्हणाले.

कादर यांनी आरशात पाहिलं. सैफ खिडकीबाहेरचं काहीतरी फार लक्ष देऊन बघत होता. बाहेर नुसतं माळरान होतं.

घरी पाहुणे बसले. कादर स्वयंपाकघरात गेले. सुमैरा ट्रेमध्ये कप मांडत होती.

"अब्बा, त्यांना वास आला का?"

"त्यान्ला न्हाई," कादर हळू आवाजात म्हणाले. "मला आला."

"गाडीचा?"

"गाडी साफ हाय."

सुमैराने हातातला कप ट्रेमध्ये ठेवला. मग तिने ट्रे आईच्या हाती दिला, ओढणी सारखी केली आणि स्वतः बाहेर गेली.

"हाजीसाहेब, मला यांच्याशी थोडं बोलायचंय. इथं समोरच, गाडीत बसून बोललो तर चालेल?" मग ती सैफकडे वळली. "एसी लावते. काचा बंद ठेवू."

हाजीसाहेबांना मुलीचा धीटपणा पसंत पडला. "चालेल की! जा रे सैफ," ते म्हणाले, "आन् जातोयस तर आतला वास पुन्यांदा नीट घेऊन ये."

सैफ तोंडी परीक्षेला बोलावलेल्या पोरासारखा उठला.