दत्तोपंतांची घंटा

ये गं, अशी जवळ बस. इतके दिवस होतीस कुठं? कॉलेजचं गॅदरिंग झालं, सगळं नगर लोटलं, आणि तुझा पत्ता नाही! दत्तोपंतही ठाऊक नाहीत म्हणतेस, म्हणजे कमालच झाली तुझी.

दत्तोपंत आमचे शेजारी. कोर्टातली कारकुनी संपली तरी काळा कोट सुटलेला नाही. डाव्या खिशात घड्याळ, उजव्यात पितळेची घंटा. गावात व्याख्यान असो की वादविवाद, टेबलाशी हेच. सहाव्या मिनिटाला एक ठोका, सातव्याला दोन. दोन पडले की बोलणारा गप! एकदा खुद्द कलेक्टरसाहेब इंग्रजीत रंगले होते, तेही अर्ध्या वाक्यात खाली बसले. मी म्हटलं, "अहो भावजी, माणूस तरी बघायचा!" तर म्हणतात, "घड्याळ तोंड बघत नाही, वहिनी."

बरं, ही घंटा आमच्या घरीही चालते. मी सुनेच्या माहेरचं सांगायला लागले, की टण्ण! आणि परवाच्या लग्नात तर कहर. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामांना सूर सापडला तो सोडवेना. दत्तोपंतांनी खिशातल्या खिशात घंटा हलवली. वाजंत्र्यांना वाटलं, मुहूर्त झाला. सनई सुरू, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आणि अंतरपाट अजून मधेच! नवरी पलीकडून विचारतेय, "झालं का?"

आता गॅदरिंगचं ऐक. स्वराज्य नवं, कॉलेज नवं. मांडव, पताका, लाउडस्पीकर! राहुरी-नेवाशाहून माणसं गाड्या जुंपून आलेली. माझी भाची इंदू नेवाशाची, माझ्याकडं राहून शिकते. मी घरच्या घरी अक्षरं जुळवून वाचायला शिकले. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. वक्तृत्वाला मुलींतून एकटीच उभी. विषय होता, खेड्यात राहावं की शहरात. वडलांनी बजावलेलं, "हसं झालं तर शिक्षण पुरे, घरी यायचं."

पण काय बोलली गं पोर! प्रवरेच्या पुरात शेजाऱ्यांची गाभण म्हैस अडकली, तेव्हा हिच्या आईनं गावातल्या बायका गोळा केल्या, लुगड्याला लुगडं बांधून दोर केला, ते सांगत होती. मांडवात कुणी खोकेना. "म्हैस मधोमध आली, गाठ सुटायला लागली, तेवढ्यात..."

टण्ण, टण्ण!

मागून कुणी ओरडलं, "बुडाली की वो!" सगळा मांडव हसला. इंदू रडतच खाली उतरली. घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. "मावशी, मी जाते. आता चार माणसांत तोंड उघडायची नाही." मी अशी भडकले, म्हटलं, या माणसाला आता ताकसुद्धा द्यायचं नाही.

सकाळी दारात दत्तोपंत. कोट नाही, नुसता सदरा. मी कंबर कसून पुढं झाले, तर माझ्याकडं बघेनातच. सरळ इंदूला विचारलं, "म्हैस वाचली का?"

इंदूनं हातातलं पातळ खाली ठेवलं.

"इतकी वर्षं टेबलाशी बसतो पोरी, पण डोळे घड्याळावर. कुणाचं काही ऐकलं म्हणून नाही. काल ऐकलं, आणि मिनिटं मोजायची राहिली. ठोका चुकेल म्हणून घाबरलो आणि घाईनं दोन्ही दिले. तेव्हापासून ती म्हैस पाण्यातच आहे बघ."

इंदू आधी पुटपुटली. मग उठली, पदर खोचला. "काका, गाठ सुटली तशी आईनं ती दातांत धरली!" दत्तोपंतांनी "अरे, अरे!" करत खांबच धरला. चहा गार झाला. म्हैस काठाला लागली तेव्हा डोळे पुसून म्हणाले, "आणि पारडू?" पारडू झालं, त्याचं नाव ठेवलं, बायकांनी आपापली लुगडी ओळखताना भांडण काढलं, सगळं ऐकलं. ऊन अंगणात आलं तरी उठेनात. शेवटी चपला शोधत हळूच म्हणाले, "रविवारी येऊ का? घरी घड्याळाखेरीज कुणी बोलत नाही हो."

दुपारी बघते तर ट्रंक रिकामी, पातळं परत दांडीवर, आणि इंदू वडलांना कार्ड लिहीत बसलेली: "हसं झालं. पण मी येत नाही."

तेव्हा बाई, या रविवारी तूही ये. पोर आजूबाजूच्या गावांच्या गोष्टी जमवून बसलीये, आणि ऐकायला आम्ही दोघंच म्हातारे. थालीपीठ लावते, पण ये.