तळ्याकाठचं ऊन

सकाळपासून आभाळ हंगामी कारकुनाचा अंत पाहत होतं. तळ्याकाठच्या बागेचा एक प्रसन्न फोटो साहेबांच्या पसंतीस उतरला, की नोकरी कायम. आणि साहेबांच्या लेखी प्रसन्न म्हणजे ऊन. फोन वर धरला की ढग, खिशात ठेवला की ऊन! बिचारा रडकुंडीला आला होता.

बायकोचा फोन आला. "अहो, काढलात का फोटो?"

"ऊनच टिकत नाही गं."

"मग तुम्ही तरी टिका!"

तेवढ्यात ढग फाकले आणि तळं लख्ख उजळलं. त्याने बायकोचं बोलणं मध्येच तोडून फोटो टिपला आणि तिथल्या तिथे साहेबांना पाठवला. लगेच साहेबांचाच फोन.

"वा! काय सुरेख ऊन पडलंय! सासू-सासरे आलेत आमचे, चांगले महिनाभर राहणारेत. त्यांना घेऊन निघालोच."

फोन ठेवतो न ठेवतो तोच नाकावर टपोरा थेंब पडला. त्याने घाबरून उलट फोन लावला.

"साहेब, इकडे जरा भरून आलंय..."

"म्हणजे? फोटो आत्ताचा नाही?"

"आत्ताचाच आहे, साहेब!"

"मग झालं तर."

पाऊस आहे म्हणावं तर फोटो खोटा, नाही म्हणावं तर आपण खोटे. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने धावत जाऊन माळ्याची छत्री आणली आणि फाटकात उभा राहिला.

मंडळी गाडीतून उतरली आणि पावसाने ताळ सोडला. छत्री उलटी झाली. सासऱ्यांची टोपी तळ्यात गेली. तिच्यामागे कारकून गुडघाभर पाण्यात उतरला, तर इकडे सासूबाई चिखलात बसल्या. साहेबांनी दोघांना तसंच ओलंचिंब गाडीत बसवलं. नोकरी गेलीच, हे त्याला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "सासरे रात्रभर शिंकत होते. इथली हवा मानवत नाही म्हणाले. सकाळच्या गाडीने दोघंही परत गेले."

"चुकलं, साहेब. पुन्हा नाही होणार."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

"असं कसं? तुम्हाला कायम केलंय आम्ही. पुढच्या महिन्यात साडू येतायत, सहकुटुंब. आभाळ भरून आलं, की उन्हाचा एखादा फोटो पाठवा."