कृष्णाबापूंचं डासांशी वैर

धाराशिवहून येताना कृष्णाबापूंनी एसटीत माशांचं अर्धं तिकीट काढायचा हट्ट धरला होता. मांडीवर पितळी कासंडी, कासंडीत गप्पी मासे. कंडक्टर म्हणाला, माशांना तिकीट नसतं. बापू म्हणाले, "सरकारी कामावर निघालेत. फुकट नेलं तर मिजास चढंल त्यांना." येरमाळ्याला गाडी बदलेपर्यंत हा वाद चालला. पुढं ईट गावापर्यंत अख्ख्या गाडीला डासांवरचं व्याख्यान ऐकावं लागलं. दोन बाया तर आपलं गाव यायच्या आधीच उतरून चालत गेल्या.

आमच्या सहकारी दूध केंद्रावर बापू दूध मोजायचे आणि मी शेजारी बसून फॅट काढायचो. त्या साली पाऊस बेपत्ता, विहिरी कोरड्या. गटारं तेवढी ओली. आणि डास तर असे माजलेले, की सांजेला गोठ्यात शिरले तर सकाळी म्हशीचं फॅट एक पॉइंट खाली! हे मी मापून सांगतो. ज्याच्या दारात गटार तुंबलं, त्याची किटली बापू रांगेत शेवटी ढकलत. एकदा चेअरमनचीच ढकलली. ते चिडून म्हणाले, संस्था माझी का तुमची? बापू म्हणाले, "संस्था तुमची. गटार बी तुमचंच."

गटारात सोडायच्या आधी मासे दिवसभर उपाशी ठेवायचे, हे त्यांचं शास्त्र. भुकेला मासा डासाची अळी चवीनं खातो म्हणे. स्वतःही त्या दिवशी जेवत नसत. माशांना एकटं वाटू नये म्हणून.

सगळा राग हत्तीपायाच्या किड्यावर. बापू सांगायचे, "ह्याच्या रक्तातला किडा त्याच्यात, त्याच्यातला तुझ्यात. डास म्हंजे फुकटातला पोस्टमन. पत्ता बी इचारत न्हाय."

बापूंचं लग्न झालेलं नव्हतं. घरी थोरली बहीण, सरूआक्का. पाय सुजायला लागल्यावर सासरच्यांनी घराण्यात खोट आहे म्हणून तिला माघारी धाडलं होतं. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. मी शेजारी राहायचो, पण मला तिचा आवाज माहीत होता, चेहरा नव्हता.

हा किडा दिवसा अंगात दडतो आणि रात्रीच रक्तात हिंडायला निघतो, म्हणून त्याची तपासणीही रात्रीच. बापूंनी खेटे घालून घालून एकदाची डॉक्टरांची जीप गावात आणली. पण ते दिवस नसबंदीच्या धास्तीचे. रात्रीची वेळ, सरकारी जीप, हातात सुई! अर्ध्या घटकेत गावातला पुरुष म्हणून औषधाला उरला नाही. बायकांनी आतून कड्या लावल्या. ज्वारी उभी असती तर गडी सापडले नसते. पण रान असं उघडं, की चांदण्यात पांढऱ्या टोप्या बगळ्यांगत दिसत होत्या.

बापू ढेकळं तुडवत तिथवर गेले, मागं मी. बोटातून थेंबभर रक्त घेणार, काचेवर पसरणार, बाकी कशाला हात लावणार नाहीत, असं परोपरीनं सांगितलं. आज जीप रिकामी गेली तर पुन्हा येणार नाही, असंही सांगितलं. त्यावर म्हातारा ज्ञानबा म्हणाला, "किस्ना, तुला ना बायको ना पोर. काय बी कापलं तरी तुझं काय जातंय?"

टोप्या हसल्या. बापू व्याख्यान अर्ध्यावर टाकून घराकडं वळले.

शाळेच्या ओट्यावर डॉक्टर काचा गुंडाळायला लागले. गंमत बघायला टोप्याही हळूहळू शाळेपर्यंत सरकल्या. तेवढ्यात गल्लीतून कंदील येताना दिसला. पुढं बापू, मागं त्यांच्या खांद्यावर हात टेकून सरूआक्का. एक पाय बाईचा, दुसरा उखळाएवढा. मी डासाची म्हैस करणारा माणूस; पण ह्यात माझ्या पदरचं काही नाही.

तिनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि म्हणाली, "बघून घ्या, दादांनो. ह्यो पाय घराण्याचा न्हाय. डासाचा हाय."

मग डॉक्टरांपुढं बोट धरलं. दुसरं बोट ज्ञानबाचं होतं. टोपी काढून हातात धरली होती त्यानं. मग रांगच लागली.

काम उरकल्यावर मला वाटलं, आक्का दमली असेल. पण ती बापूंना म्हणाली, इतक्यात घरी नको. मग बापू तिला कंदील घेऊन गाव दाखवत निघाले. इथं नवं पोस्ट, इथं पिठाची गिरणी. दार बंद असलं तरी कंदील उचलून पाटी वाचून दाखवत. शेवटी दूध केंद्र. मी कुलूप काढलं. आक्का बापूंच्या खुर्चीत बसली, मापांवरनं हात फिरवला, आणि मला म्हणाली, "ह्यो घरी सांगतो, रोज हजार लिटर दूध मोजतो म्हणून. खरं व्हय?"

दुष्काळानं म्हशी आटलेल्या. दोन कॅन भरायची मारामार होती. बापूंनी कंदिलाची वात बारीक केली आणि ते माझ्याकडं न बघता उभे राहिले.

मी म्हणालो, "हजाराच्या वर जातंय, आक्का. हात दुखतात त्यांचे."