फोटोतलं कोपर

भाषण कोणी लिहायचं यावरून घरात वाद झाला नाही, तिथेच सगळं चुकलं. वाद झाला असता तर निदान कुणीतरी सावध झालं असतं.

देशाचा स्थापना दिवस जवळ आला होता आणि शाळेत थोरल्यांवर बोलायला पहिलीतून भोंपूची निवड झाली होती. थोरले म्हणजे देशाचे पहिले अध्यक्ष. त्यांचं खरं नाव नाण्यांवर आणि चौकाचौकात कोरलेलं असलं तरी लोकांच्या तोंडी ते थोरलेच. भोंपूचंही खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. ती स्वयंपाकघरात कुजबुजली तरी जिन्यात ऐकू जायचं. शाळेचा माइक दर कार्यक्रमात ऐन वेळी मान टाकत असल्यामुळे वर्गाच्या बाईंनी गुणवत्तेपेक्षा सोय पाहिली होती.

खरं तर भाषण लिहायचा मान भोंपूच्या आजोबांचा. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. थोरल्यांचे असे भक्त, की दाढी करताना रेडिओवर त्यांचं नाव आलं तर वस्तरा खाली ठेवायचे. हयात गेली दुकानदारांच्या तराजूतली खोट काढण्यात, पण "थोरल्यांत खोट नाही" हे वाक्य ते स्वतः तपासून, वर शिक्का मारून दिल्यासारखं म्हणायचे. मात्र यंदा शाळेने प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलं होतं, आणि पाहुण्यानेच नातीचं भाषण लिहावं हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

"सूनबाई, तू इतिहास शिकलेली आहेस," ते म्हणाले. "तूच लिही."

भोंपूची आई इतिहास शिकली होती खरी, आणि आई झाल्यापासून तिने बालसंगोपनावरही बरंच वाचून ठेवलं होतं. त्यामुळे तिला कुठलीच गोष्ट सरळ करता येत नसे. पोरीला झोपेत हसू आलं तरी ती उठून बघायची, की हे हसणं वयाला धरून आहे ना. मुलांसमोर देव उभे करू नयेत, माणसं उभी करावीत, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून तिने भाषणाचे दोन भाग केले. पहिल्या भागात थोरल्यांनी देश कसा उभा केला, शाळा कशा काढल्या, जुन्या राज्यकर्त्यांनी स्वतःपुरता राखून ठेवलेला नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी सगळ्यांना कसा खुला केला, हे सगळं. मग "पण" असा एक शब्द. आणि त्याच्यापुढे, ज्या मित्राबरोबर ते तुरुंगात गेले त्याच मित्राला त्यांनी पुढे तुरुंगात टाकलं, डोंगराकडच्या लोकांना मताचा हक्क दिला नाही, आणि टीका त्यांना अजिबात सोसत नसे. शेवटचं वाक्य होतं, "तरीही ते आपले आहेत." ते लिहून झाल्यावर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

भोंपूने भाषण पाठ केलं, पण तिला एक शंका होती. चांगल्या माणसाचं वाईट कशाला सांगायचं?

आईने तिला जवळ घेऊन समजावलं. ज्याच्यावर आपलं प्रेम असतं त्याच्या चुका आपल्याला माहीत असतात आणि त्या सांगायला आपण घाबरत नाही. खरं प्रेम ते. भोंपूने हे इतक्या गंभीरपणे ऐकून घेतलं की आईला भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून भोंपूने घरात खरं प्रेम करायला सुरुवात केली.

"पप्पा खूप चांगले आहेत," जेवताना तिने जाहीर केलं. "पण ते ऑफिसला बरं नाही सांगतात आणि मॅच बघतात. तरीही ते आपले आहेत." पप्पांना ठसका लागला. भोंपूची आई मात्र हसली, कारण अजून तिचा नंबर लागला नव्हता. तो संध्याकाळी लागला. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या आणि त्यांनी पोरीचा गाल ओढला.

"काकू खूप चांगल्या आहेत," भोंपू म्हणाली. "पण आई म्हणते, त्यांचा कुत्रा बरा, तो भुंकताना मधूनमधून थांबतो तरी."

'तरीही त्या आपल्या आहेत' हे ऐकायला काकू थांबल्या नाहीत. भोंपूची आई हातातल्या भाजीच्या पिशवीत तोंड घालता येईल का, असं बघत तिथेच उभी राहिली. नंतर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मी काय बोलणार? मॅच बघणारा माणूस."

तिने भाषणाचा कागद पुन्हा काढून वाचला. काकूंचं सोडा, पण हेच भाषण सासऱ्यांसमोर व्हायचं होतं. तिला पहिल्यांदाच दिसलं, की आपण हे लिहिलं ते पोरीसाठी कमी आणि दिवाणखान्यातल्या त्या फोटोला उत्तर म्हणून जास्त.

तो फोटो म्हणजे घराचं दैवत. थोरले पूल खुला करताहेत, लांब कोट, भरघोस मिशी, भोवती गर्दी, आणि चौकटीच्या अगदी कडेला एका पोराचं नुसतं कोपर. ते कोपर सासऱ्यांचं. त्याच क्षणी थोरल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, असं ते सांगत. घरी आलेल्या प्रत्येकाला, मग तो गॅस दुरुस्त करायला का आलेला असेना, आधी त्या कोपरापाशी नेलं जाई. एकदा स्वयंपाकघरात भोंपूची आई नवऱ्याला म्हणाली होती, की ते कोपर कुणाचंही असू शकतं, पण जाऊ दे, म्हातारपणी तेवढाच आधार आहे त्यांना. तेव्हा भोंपू टेबलाखाली रंगांची डबी घेऊन बसली होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या सकाळी तिचा धीर सुटला. पोरीची वेणी घालता घालता ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "हे बघ, आज फक्त पहिला भाग म्हणायचा. 'पण' आला की थांबायचं आणि नमस्कार करायचा."

"का? आपण घाबरलो?"

"छे गं. वेळ कमी आहे, म्हणून."

आरशात भोंपूचे डोळे तिच्याकडे बघत होते. भोंपूच्या आईने वेणीकडे बघितलं.

सभागृहात ती मागच्या रांगेत बसली. मंचावर मुख्याध्यापिका, आणि शेजारी इस्त्रीचा कोट घातलेले सासरे. भोंपू उभी राहिली, माइकने शिरस्त्याप्रमाणे मान टाकली, आणि भोंपूने तो हाताने बाजूला सारून सुरुवात केली. पहिला भाग असा खणखणीत झाला की सासऱ्यांनी दोनदा रुमाल काढला. भोंपू थांबली, तिने नमस्कार केला, टाळ्या पडल्या. भोंपूच्या आईने श्वास सोडला.

तेवढ्यात पडद्याआड गडबड झाली. पुढचा कार्यक्रम थोरल्यांच्या नाटुकल्याचा होता आणि थोरल्यांची मिशी सापडत नव्हती. वर्गाच्या बाईंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि कुजबुजून सांगितलं, "बोलत राहा, बाळ. भरपूर वेळ आहे."

वेळ कमी आहे म्हणून गाळलेल्या गोष्टीचं भरपूर वेळ मिळाल्यावर काय होणार, हे सभागृहात एकाच व्यक्तीला कळलं, आणि ती मागच्या रांगेत होती.

"पण," भोंपू म्हणाली.

मित्राचा तुरुंग झाला. डोंगराकडचे लोक झाले. टाळ्यांसाठी वर आलेले हात लोकांनी हळूच मांडीवर ठेवले. "तरीही ते आपले आहेत," असं म्हणून भोंपूने बाईंकडे बघितलं. मिशी अजून सापडली नव्हती. बाईंनी काही ऐकलंच नव्हतं, त्या खोकी उपसत होत्या. त्यांनी न बघताच चालू दे अशी खूण केली.

थोरले तर संपले होते. भोंपूने भोवती नजर टाकली आणि तिला मंचावरच आणखी एक प्रेमाचं माणूस दिसलं.

"आमचे आजोबा पण खूप चांगले आहेत," तिने सभागृहाच्या शेवटच्या भिंतीला ऐकवलं. "पण फोटोतलं ते कोपर त्यांचं नाहीये. आई म्हणते, ते कुणाचंही असेल. आणि आई म्हणते, जाऊ दे, म्हातारपणी तेवढाच आधार आहे त्यांना. तरीही ते आपले आहेत. आता मी माझ्या आईविषयी सांगते."

पण मिशी सापडली. पडदा सरकला, बाईंनी भोंपूला उचलून आत नेलं, आणि शाळेच्या इतिहासात कधी वाजल्या नसतील अशा टाळ्या कुठल्याशा दयाळू पालकाने सुरू केल्या.

भोंपूच्या आईला मान वर करता येईना. सगळं सभागृह मागे वळून बघत नव्हतं, तरी तिला तसं वाटत होतं. सासरे उठले. त्यांनी मुलांना अभ्यास करा, दात घासा, असं काहीतरी सांगितलं. खांद्यावरच्या हाताची गोष्ट आली नाही. ती गोष्ट त्यांनी दाताच्या डॉक्टरालाही सांगितली होती, तोंडात कापूस असताना. आज सांगितली नाही.

घरी जाताना आजोबा आणि नात हात धरून पुढे चालले. भोंपूची आई मागे राहिली. काय बोलावं याची तिने वाटेत बरीच जुळवाजुळव केली, पण प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'माझा हेतू' येत होता, आणि ते शब्द तिलाच नकोसे झाले.

घरी पोचल्यावर सासऱ्यांनी कोट काढला, ते खुर्चीवर चढले आणि त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला. मागे रंगाचा स्वच्छ चौकोन दिसला. बाकी भिंत किती मळली आहे ते इतक्या वर्षांत प्रथमच कळलं.

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "आणि पोरीच्या तोंडून... मला फार लाज वाटतेय. तो फोटो राहू द्या."

सासरे फोटो मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "कोपर माझंच आहे."

"हो, बाबा."

"उगाच हो म्हणू नकोस. कोपर माझंच आहे. खांद्यावर हातही त्यांचाच पडला." त्यांनी काच बाहीने पुसली. "फक्त ठेवला नव्हता. ढकललं होतं."

भोंपूची आई होती तिथे खाली बसली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. थोरल्यांना फोटोचं भारी वेड. कॅमेरावाला समोर, आणि हा पोरगा नेमका मध्ये. थोरल्यांनी चेहऱ्यावरचं हसू न हलवता त्याचा खांदा धरला, दातांतल्या दातांत "हट की रे" म्हणाले आणि त्याला बाजूला लोटलं. पोरगा पडला, गुडघा फुटला. घरी वडिलांनी विचारलं, थोरले दिसले का? वडील थोरल्यांसाठी तुरुंगात जाऊन आलेले. त्यांना काय सांगणार? खांद्यावर हात ठेवला म्हणून सांगितलं. वडिलांनी तो खांदा कुरवाळला. त्यानंतर गोष्ट परत घ्यायला जागाच राहिली नाही.

"आणि तरी तुम्ही म्हणायचात, थोरल्यांत खोट नाही?"

"मला ठाऊक होती ना खोट. दुसऱ्या कुणी काढू नये, एवढंच." त्यांनी काचेवर बोट ठेवून पूल दाखवला. "पडलो, तो उठलो. बघतो तर समोर पूल मोकळा. त्याच्या आदल्या दिवशी त्यावर पाय ठेवला असता, तर शिपायाने काठी घातली असती. गेलो पलीकडे, लंगडत. ज्याने पाडलं त्यानेच तो उघडला होता. आता याचा हिशोब कसा मांडायचा, सूनबाई? मला आयुष्यभर जमला नाही, म्हणून मी अर्धीच गोष्ट सांगत आलो. तू निदान दोन्ही बाजू लिहिल्यास."

"लिहिल्या, आणि सकाळी घाबरून एक बाजू गाळायला लावली," ती म्हणाली. "वेळ कमी आहे म्हणून खोटंही सांगितलं तिला."

"म्हणजे तूही माझ्याच खात्यातली," सासरे म्हणाले. तिला रडू येत होतं, त्यात हसू मिसळलं.

ते पुन्हा खुर्चीवर चढले आणि त्यांनी फोटो होता तिथे टांगला. किंचित वाकडा लागला. तिने सरळ करायला हात पुढे केला, तर म्हणाले, राहू दे.

इतका वेळ दारात गणवेशात उभी असलेली भोंपू आता पुढे आली. तिचा चेहरा काम अपुरं राहिलेल्या माणसासारखा होता.

"आजोबा, आता आईविषयी बोलू? तिथे राहिलं ना."

भोंपूची आई लगबगीने उठली. गॅसवर काहीतरी ठेवलंय, असं पुटपुटत ती आत निघाली. गॅसवर काहीही नव्हतं.

"बस, सूनबाई," सासरे म्हणाले. त्यांनी सकाळपासून चालूच राहिलेला रेडिओ बंद केला, खुर्ची समोर ओढली आणि प्रमुख पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवले. "भरपूर वेळ आहे."

ती बसली. भोंपूने आधी नमस्कार केला, मग छाती भरून श्वास घेतला.

"माझी आई," ती म्हणाली, "खूप, खूप चांगली आहे."

खालच्या मजल्यावर कुत्रा भुंकायचा थांबला, आणि काकूंचं दार हळूच उघडल्याचा आवाज आला.