शिक्का मारलेली अंडी

डॉक्टरांनी माझी अंडी बंद केली आणि त्याच महिन्यात बायकोने परसात चार कोंबड्या पाळल्या. (माझ्या छळासाठी आणल्या नव्हत्या, असं ती अजूनही सांगते.) कोंबड्या इमानाने अंडी घालत होत्या, पण अंडी घरात येईपर्यंत त्यातलं एखादं नाहीसं व्हायचं. बायकोने तपास वगैरे केला नाही. तिने थेट माझ्याकडे पाहिलं.

मी कावळ्याचं नाव सांगितलं. कावळा समोरच्या तारेवरच बसलेला असायचा. मी त्याच्याकडे बोट दाखवायचो, तो मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा, आणि आमच्या दोघांत चोर कोण दिसतो हे बायको ठरवायची. खुराड्याला जाळी लावू म्हटलं, तर म्हणाली, "जाळीने बाहेरचा चोर थांबतो. घरातल्याचं काय करायचं?"

पंधरा दिवस मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तरी ती मागे येऊन उभी राहायची. एकोणीस वर्षांचा संसार आणि विश्वास एका अंड्याएवढाही नाही, याचं मला खरंच वाईट वाटत होतं.

मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. बावीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो, की शिक्का असलेली वस्तू कुणाला नाकारता येत नाही. शनिवारी शिक्का आणि शाईचं पॅड डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. रविवारी सकाळी खुराड्यात ओणवा होऊन चारही अंड्यांवर ऑफिसचा 'आवक' शिक्का मारला, त्यात तारीख घातली आणि खाली सही ठोकली. (एका कोंबडीवरही शिक्का उठला. ती हलली.) बायकोला सांगितलं, आता टरफल कुठे सापडतं ते बघू. आपल्या कचऱ्याच्या डब्यात सापडलं, तर मी चोर.

तासाभरात फोन वाजला. आमचे साहेब मागच्याच गल्लीत राहतात. (घर घेताना हे कुणी बोललं नव्हतं.)

"माझ्या गाडीवर अंडं फुटलंय," साहेब म्हणाले. "टरफलावर आपल्या ऑफिसचा शिक्का आहे. आजची तारीख आहे. खाली तुमची सही आहे."

"साहेब, वर कावळा होता का?"

"होता. पण शिक्का घरी कसा..."

"साहेब, फक्त कावळ्याचं तेवढं जरा हिला सांगा."

साहेबांनी बिचाऱ्यांनी सांगितलं. मग उद्या शिक्का आणि लेखी खुलासा घेऊन केबिनमध्ये यायला फर्मावलं. मी इतक्या आनंदाने 'हो' म्हटलं, की ते जरा घाबरलेच असावेत.

बायको खुर्चीवर बसली. "चुकलं माझं," म्हणाली. "पंधरा दिवस उगाच बोलले तुम्हाला." मला भरून आलं. ती लगेच पिशवी उचलून जाळी आणायला स्वतः बाजारात गेली.

घरात मी आणि तीन अंडी उरलो. मी विचार केला, शिक्षा तर पंधरा दिवस भोगून झाली आहे, गुन्हा तेवढा बाकी आहे. शिवाय कावळ्याने एक नेलं काय आणि दोन नेली काय, त्याला खुलासा कोण मागतंय? एक अंडं उकडलं, सोललं, मीठ लावून उभ्या उभ्या खाल्लं. टरफल शेजाऱ्यांच्या कुंडीत पुरलं. पातेलं घासून जागेवर ठेवलं. (एकोणीस वर्षांत घासलेलं माझं पहिलं पातेलं.)

बायको जाळी घेऊन आली. कावळ्याने आणखी एक नेलं, असं मी पडल्या चेहऱ्याने सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बेसिनवरचा आरसा खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला.

उकळत्या पाण्यात शाई टरफलातून आत उतरते, हे बावीस वर्षांत मला कुणीच शिकवलं नव्हतं. माझे ओठ जांभळे होते. जीभही जांभळी होती. दातांबद्दल न बोललेलं बरं.

दुपारभर शिडीवर चढून मी मुकाट्याने जाळी ठोकली. खाली उतरलो तर तिने मला कुलूप आणायला पिटाळलं.

"कावळ्याला कुलूप कशाला?" मी विचारलं.

"कावळ्याला जाळी पुरते," ती म्हणाली.