नळीतला फुफू

ब्रेम्पोंगच्या नाकातून पोटात नळी घातली त्याला अकरा दिवस झाले, आणि अकरा दिवसांत नवऱ्याच्या पोटात उकडलेले कंद उखळात कांडून केलेल्या फुफूचा एक गोळा गेला नाही, हे अफ्राकोमाच्या जिवाला लागलं होतं. झटका आला, गिळणं गेलं, वाचाही गेली. घानातल्या कुमासी शहराच्या त्या वॉर्डात भरवायचं काम घरच्यांचंच. नर्स देदेने सगळं शिकवलं होतं: उशा लावून बसवा, नळी जागेवर आहे ना बघा, पिचकारीने हळू दूध सोडा, शेवटी पाणी.

"दुधावर माणूस बोलेल कुठून?" अफ्राकोमाने डबा उघडला. "पोटात फुफू नाही म्हणजे उपाशीच की!"

"आई, नळीतून फक्त पातळ द्यायचं," सून सेरवा घाबरून म्हणाली.

"फुफू आपण चावतो का गं? गिळतोच ना? मग तोंडाचं काम काय त्यात?"

अफ्राकोमाने फुफू तिखटजाळ रश्शात कालवून पिचकारीत भरला. पहिलाच घास नळीत शिरला आणि तिथंच ठाण मांडून बसला. ती दांडा दाबते, तो हलेना. मग तिने दात-ओठ खाऊन जोर लावला. फट्! पिचकारी निसटली आणि रस्सा ब्रेम्पोंगच्या मिशांवर, भिंतीवर आणि नेमक्या तेव्हाच आलेल्या देदेच्या टोपीवर उडाला.

"अगं बाई! मावशी, काय भरलंत हे?"

"रस्सा."

"रश्शात गोळे?"

देदेने तुंबलेली नळी ओढून काढली. अफ्राकोमाने नवऱ्याच्या छातीला कान लावला. आपल्याच हातांनी नवऱ्याला मारलं की काय! देदेने नवी नळी नाकापासून कानापर्यंत, कानापासून छातीखालपर्यंत मापली.

"बाबा, जिभेवर थेंबभर पाणी ठेवते. गिळायला बघा हं, म्हणजे नळी सहज सरकेल."

ब्रेम्पोंगने गिळलं. ठसका नाही. देदेने आणखी थोडं दिलं, तेही गेलं.

"मावशी! अहो, हे गिळतायत!"

अफ्राकोमा हमसून हमसून रडायला लागली. तेवढ्यात ब्रेम्पोंगने मिशीवरचा रस्सा चाटला, तोंड वाकडं केलं, आणि अकरा दिवसांनी त्याला वाचा फुटली.

"हा... कांडलेला... नाही. पुडीतल्या... पिठाचा आहे."

सगळ्या खाटांशेजारी बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. सेरवा तोंडावर हात ठेवून सासूकडे बघतच राहिली. अफ्राकोमाने डोळे पुसले.

"सिस्टर," ती म्हणाली, "घाला ती नळी परत."