बाराची तोफ

मला कुणाचाही हेवा वाटत नाही. नित्यनेम पाळणाऱ्या बाईला असले विकार शिवतच नाहीत मुळी! पहाटे स्नान, पोथीचा एक अध्याय, एक माळ जप आणि उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. लिहून सांगायचं नाही, खाणाखुणा नाहीत. चुकून मौन मोडलंच, तर प्रायश्चित्त म्हणून सूर्यास्तापर्यंत तोंड बंद. सहा वर्षांत ती वेळ आली नव्हती. डोळे वटारायला मात्र शास्त्राची आडकाठी नाही.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून हे मला परदेशी घेऊन निघाले, तेव्हाच मी बजावलं होतं, "सकाळी मी बोलणार नाही हं!"

"बरं," हे म्हणाले. चेहरा असा खुलला, जणू सहल तिथेच सुफळ संपूर्ण झाली! मग जरा वरमून म्हणाले, "सकाळी गाव बघू. बारानंतर फक्त आपण दोघं. समुद्रकाठी बसू, पोटभर बोलू."

तीस वर्षांत यांच्या तोंडून निघालेलं एवढं लांब वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं.

गाव जुनं, गोऱ्यांनी वसवलेलं. फरसबंदी रस्ते, लाकडी झडपांच्या खिडक्या, गव्हर्नरचा बंगला, टेकडीवर किल्ला. सगळं पाहण्यासारखं. पण हे पाहत होते आमच्या गाईडबाईकडे!

पन्नाशीची बाई. डोक्यावर सुपाएवढी गवती टोपी आणि आवाज असा, की ऐकताना कानाला मुंग्या लागाव्यात!

"हा जिना किती जुना?" बंगल्यात शिरताच यांनी इंग्रजीत विचारलं.

"दोनशे वर्षं."

"अरे वा! आणि कठडा?"

"जिन्याएवढाच."

"वा वा वा!"

या गृहस्थांनी तीस वर्षांत घरात मीठ कुठे असतं, ते कधी विचारलं नाही. आणि इथे गव्हर्नरच्या न्हाणीघरातल्या नळाची चौकशी चालली होती! मी पदराखाली माळ ओढत राहिले. मेरुमणी हाताला लागला तेव्हा ध्यानात आलं, मी नामाऐवजी यांचं हसणं मोजत होते. एकशे आठ! आणि अजून दिवाणखाना यायचा होता.

बोलायचं नाही, पण खोकायला काय हरकत? मी खोकले. मग जरा मोठ्याने खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीतला गव्हर्नरसुद्धा दचकला असेल.

गाईडबाई धावत आली. "यांना बरं नाही का? सकाळपासून एक शब्द नाही!"

"सकाळी ती बोलत नाही," हे म्हणाले. मौनव्रताला इंग्रजीत काय म्हणतात, ते यांना कुठून ठाऊक असणार?

"आणि दुपारी?"

"दुपारी फार बोलते."

बाईचे डोळे पाणावले. असा चमत्कारिक आजार तिने ऐकला नव्हता! तिने पहारेकऱ्याला हाक मारली आणि दोन मिनिटांत माझ्यापुढे चाकाची खुर्ची हजर! मी डोळे वटारले. "बघा, किती त्रास होतोय!" म्हणत तिने मला अलगद बसवलं. आमच्या गटातल्या एका आजीबाईंनी गावाच्या नकाशाने मला वारा घालायला सुरुवात केली.

आता मी खुर्चीत, हे मागून ढकलताहेत आणि ती यांच्या शेजारून चालतेय. गप्पा माझ्या डोक्यावरून! मी म्हणजे दोघांच्या मधलं बाजाराचं गाठोडं!

अशी वरात किल्ल्यावर पोचली. "आता बाराची तोफ उडेल," बाईने सांगितलं. मनात म्हटलं, उडू दे एकदाची! तोफ झाली की मी मोकळी, आणि मग समुद्रकाठ.

तेवढ्यात वारा सुटला आणि बाईची टोपी उडाली. स्वतःची चप्पल वाकून उचलता येत नाही म्हणणारे आमचे हे हरणासारखे धावले! टोपी पकडली, झटकली आणि दोन्ही हातांनी, देवाला मुकुट चढवावा तशी, तिच्या डोक्यावर ठेवली.

धडाम्!

"अहो! तिची टोपी तिला घालता येते!" मी खुर्चीतून ताडकन उभी राहून ओरडले.

मग टाळ्यांचा कडकडाट! "बोलली! चालली!" आजीबाई रडायला लागल्या. आणि गाईडबाईने आनंदाच्या भरात यांनाच मिठी मारली!

"सोडा तिला!" मी आणखी ओरडले. टाळ्या आणखी वाढल्या.

"काय म्हणतात त्या?" बाईने डोळे पुसत विचारलं.

"म्हणते, टोपी तुम्हाला शोभते."

मी तरी मनाशी म्हटलं, चला, बारा वाजले, व्रत तर शाबूत राहिलं! तेवढ्यात यांनी घड्याळ पाहिलं. "अकरा पन्नासच झालेत?"

"हो," बाई हसली. "तोफवाल्याची जेवणाची सुट्टी बाराला होते. म्हणून तो दहा मिनिटं आधीच उरकतो."

मी मटकन खुर्चीत बसले. हे वाकून हळूच म्हणाले, "अगं, म्हणजे आता सूर्यास्तापर्यंत...?"

मी मान खाली घातली.

"दुपारच्या फेरीला कोण कोण येणार?" गाईडबाईने विचारलं.

यांनी दोन हात वर केले. एक स्वतःचा, एक माझा.

समुद्र दिसला, पण गाडीच्या काचेतून. सूर्य मावळला त्या क्षणी सहा तास कोंडलेलं माझं पहिलं वाक्य बाहेर पडलं, ते मात्र यांच्याशी नव्हतं. टोपीच्या दुकानदाराला म्हटलं, "याहून मोठी दाखवा!"

हेवा नाही हो. ऊन फार होतं.